'सूचित संमती' हा शब्द बरोबर आहे का?

विचारणा: शस्त्रक्रियेआधी रुग्णाची सही घेतात, त्या कागदाचं मराठी करते आहे. हाती आलेल्या नमुन्यात 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'साठी 'सूचित संमती' छापलंय. मला ते खटकतं. 'सज्ञान संमती' चालेल?

प्रतिसाद १: 'सूचित' नकोच. हिंदीत तो 'कळवलेलं' या अर्थी चालतो. मराठीत सूचित म्हणजे आडून सुचवलेलं. इथे तर धोका उघड सांगायचा आहे. 'सज्ञान'चीही अडचण आहे. आपल्याकडे सज्ञान म्हणजे कायद्याने वयात आलेला. वाचणाऱ्याला वाटेल, वय विचारताहेत. आणि सज्ञान माणसाने न समजता केलेली सही पोकळच.

प्रतिसाद २: 'संमती'चं मूळ पाहा: सम् आणि मन्, म्हणजे विचार करणे. मत, मती, मान्य हे त्याच धातूचे. म्हणून 'परवानगी' इथे बसत नाही. ती हो-नाहीत आटोपते. संमतीच्या आधी माणसाचं स्वतःचं मत तयार व्हावं लागतं. आजार काय, उपचार कोणता, त्यात धोके कोणते, दुसरे पर्याय आहेत का, काहीच केलं नाही तर काय होईल, हे कळल्याशिवाय ते होणार कसं? 'हरकत नाही' तर त्याहून दूरचं. घाबरून गप्प बसलेल्या माणसाचीही हरकत नसते!

विचारणा: मग 'माहितीपूर्ण संमती'?

प्रतिसाद २: माहितीपूर्ण लेख असतो. इथे माहिती माणसाला हवी. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट' ही इंग्रजी संज्ञा १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णाच्या खटल्याच्या निकालातून रूढ झाली. महाधमनीच्या तपासणीनंतर त्या रुग्णाचे पाय लुळे पडले होते आणि हा धोका आपल्याला सांगितला नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं. मुद्दा सांगण्याचा होता, सहीचा नव्हे. मी 'समजून-उमजून दिलेली संमती' लिहीन. लांब आहे, पण कुणालाही कळतं. खाली 'ही संमती मी मागे घेऊ शकते/शकतो' हेही हवं.

प्रतिसाद १: क्रियापदही तपासा. डॉक्टर म्हणतात 'कन्सेंट घेतला', नातेवाईक म्हणतात 'सही केली'. 'संमती दिली' असं फारसं कुणी म्हणत नाही, आणि देणारा तर रुग्णच असतो.

विचारणा: खरंच की. माझ्या मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं, 'रुग्णाची संमती घेण्यात आली आहे.' ते खोडून 'मी समजून-उमजून संमती देत आहे' असं केलं.