घोडी मागचा पाय उचलू देत नाही

प्रश्न: सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली चार वर्षांची मारवाडी घोडी. मुलांच्या हातून खाते, पुढचे पाय देते. मागच्याला हात लावला की झटका. खूर साफ कसे करायचे?

उत्तर १: आधी खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं. हात मानेवरून खांदा, पाठ, पुठ्ठा असा खाली सरकवा, मध्येच उचलू नका. पुठ्ठ्याला चिकटून, तोंड शेपटीकडे करून उभं राहा. हातभर अंतरावर लाथेला पूर्ण जोर मिळतो. घोट्याच्या वर मागची शीर हलकी दाबा. वजन दुसऱ्या पायावर गेलं की उचला, दोन सेकंद धरा आणि तिने ओढायच्या आत खाली ठेवा. ओढल्यावर सोडलात तर ती ओढायलाच शिकते!

उत्तर २: पाय बाहेरच्या बाजूला ताणू नका, पोटाखाली सरळ घ्या. मुळात खूर दुखतोय का बघा. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेत काळा, घाण वासाचा थर असेल तर सड लागली आहे. ओल्या तबेल्यात लागतेच. मग पशुवैद्य आधी, शिकवणी नंतर. बोथट आकड्याने टाचेकडून पुढे खरवडा. नालबंद दर ६ ते ८ आठवड्यांनी.

प्रश्नकर्ता: डाव्या खुराला वास आहे खरा. मुलं गूळ भरवतात, चालेल?

उत्तर ३: हातातून नको, घमेल्यात टाका. चावायची सवय तिथूनच लागते. मुलांना मान-खांद्याचा खरारा द्या, तोही मोठं माणूस मोरकी (तोंडाला बांधलेली दोरी) धरून असेल तेव्हाच.