सौंदर्यप्रसाधनांची साखळी पद्धतीने विक्री : अनुभव हवे आहेत

प्रश्न : माझी नणंद एका कंपनीची सौंदर्यप्रसाधने विकते आणि मीही तिच्या साखळीत सभासद व्हावे, असा तिचा आग्रह आहे. क्रीम मला आवडले. परंतु दरमहा ठरावीक खरेदी केल्याशिवाय कमिशन मिळत नाही, हे कळल्यापासून मन साशंक आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : मी हे काम केले आहे. मनगटावर लिपस्टिकच्या छटा लावून दाखवण्यात मला मनापासून आनंद मिळे आणि नेहमीच्या ग्राहकांमुळे थोडीफार मिळकतही होई. मात्र साखळीतील आपली पातळी टिकवण्यासाठी महिनाअखेरीस स्वतःच माल उचलावा लागे, आणि ही खरेदी कागदावर विक्री म्हणून दिसत असली तरी पैसे आपल्याच खिशातून गेलेले असतात. शिवाय मुदत संपत आलेला मस्कारा कोण घेणार? मैत्रिणी फोन टाळू लागल्या, याचे दुःख अधिक झाले.

उत्तर २ : केवळ वापरण्यासाठी घेत असाल, तर वेष्टनावरील घटकांची यादी वाचा. मुख्य घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. जाहिरातीतला अर्क अगदी शेवटी असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

उत्तर ३ : अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 1979 साली अ‍ॅमवे या साखळी पद्धतीने विक्री करणाऱ्या कंपनीची योजना पिरॅमिड (म्हणजे मुख्यतः नवे सभासद जोडण्यावर चालणारी फसवी साखळी) नसल्याचा निर्णय देताना, न खपलेला माल परत घेण्याच्या आणि प्रत्यक्ष ग्राहकांना विक्री करण्याच्या नियमांना महत्त्व दिले होते. त्यामुळे सही करण्यापूर्वी करारातील माल परतीचे कलम नणंदेसोबत बसून वाचा.