कोरियन ‘ह्वाइथिंग’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेल्हाळ : एका कोरियन मालिकेच्या मराठी उपशीर्षकांचे काम करताना अडले आहे. परीक्षेला निघालेल्या मुलीला हुरूप देण्यासाठी आई मूठ उंचावून ‘ह्वाइथिंग’ म्हणते. शब्द इंग्रजी ‘फायटिंग’वरून आलेला म्हणून मी ‘फायटिंग’ असेच लिहिले, तर आत्याने विचारले, “यात मारामारी कुठे आहे?” ‘लढ बापू’ सुचवले, तेव्हा मुलीला बापू म्हणणे संपादकांना खटकले.

पांथस्थ : इंग्रज अशा वेळी ‘फायटिंग’ म्हणत नाहीत. जपानी लोक ‘फाइतो’ अशी आरोळी देतात आणि कोरियन शब्दाचे नाते तिच्याशी जोडले जाते. परंतु त्या आरोळीत ‘इंग’ची शेपटी नसल्याने मला ही व्युत्पत्ती अर्धीच पटते.

मऱ्हाटमोळी : ‘शाब्बास’ का नको?

तिरकस : कारण शाबासकी काम झाल्यावर देतात, आणि ही मुलगी अजून घरातच आहे. शिवाय ‘शाब्बास’ फारसी ‘शाद बाश’वरून आलेला, म्हणजे पाहुण्याला हाकलून दुसरा पाहुणा बसवल्यासारखे झाले.

मऱ्हाटमोळी : तो आता घरचाच आहे. पण स्वभाषेचा आग्रह हसण्यावारी नेऊ नये. सावरकरांचा ‘महापौर’ रुळलाच ना? कोरियातही राष्ट्रीय भाषासंस्थेने या शब्दाऐवजी ‘आजा’ ही देशी आरोळी सुचवली होती.

तिरकस : आणि लोकांनी काय केले, तर दोन्ही जोडून ‘आजा आजा फाइथिंग’ म्हणू लागले! मराठी उपशीर्षकात ते आले, तर मुलीला आजोबाच आठवतील. उलट २०२१ साली ऑक्सफर्डच्या कोशाने हा कोरियन अर्थ इंग्रजीत नोंदवला, म्हणजे लेक माहेरी आली ती सासरचे वळण घेऊन.

शब्दवेल्हाळ : पण मी लिहू काय?

पांथस्थ : आधी उच्चार ठरवा. कोरियनमध्ये ‘फॅन’मधला दातओठांचा फ नाही. त्यामुळे बोलताना पुष्कळांच्या तोंडी ‘ह्व’ येतो, तर प्रमाणलेखनात ‘फळ’मधला, ओठ मिटून उच्चारायचा, आपला जुना फ लिहितात. म्हणून ‘फाइथिंग’ हेच प्रमाण रूप होय.

मऱ्हाटमोळी : ‘आपला’ फ म्हणता, पण हल्ली शहरांतली कितीतरी मुले ‘फळ’ आणि ‘फूल’सुद्धा ‘फॅन’सारखेच उच्चारतात. त्यांना तुमचे प्रमाण रूप वाचून कोणता ध्वनी कळणार?

पांथस्थ : दोष उच्चाराचा आहे, अक्षराचा नव्हे.

तिरकस : सगळेच तसे बोलू लागल्यावर दोष कोणाचा म्हणायचा?