हळद-दुधाने अल्झायमर टळतो? मग माझ्या आजीचं काय?

पुण्याची नात :
काल एकांनी लिहिलं, ‘रोज रात्री हळद-दूध घ्या, अल्झायमर होणार नाही. म्हणूनच तो आपल्याकडे कमी.’ तेव्हापासून डोकं तापलंय. माझी आजी जन्मभर हळद-दूध प्यायली. शेवटची चार वर्षं तिने मला ओळखलं नाही. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी सोडा गं’ म्हणायची. तिचं काय चुकलं होतं?

हिशेब करा. अर्धा चमचा हळद म्हणजे साधारण दीड ग्रॅम. त्यात कर्क्युमिन, म्हणजे ज्याचे हे सगळे गुण सांगतात तो हळदीतला पिवळा घटक, तीनेक टक्के, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. तीच हळद आमटीत घालून पाच जणांत वाढली की माणशी ९. तेही रक्तात जेमतेम उतरतं.

आयुर्वेदप्रेमी :
ताई, मिरी घाला की उतरतं. बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात मिरीतल्या पाइपरिनने कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. कॅलिफोर्नियात ४० जणांना दीड वर्ष कर्क्युमिन दिलं, स्मरणशक्ती सुधारली. २०१८ ला छापून आलंय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने हळदीचं पेटंट घेतलं तेव्हा शास्त्रज्ञ माशेलकर लढले आणि १९९७ ला ते रद्द झालं. आणि आपलीच माणसं हळदीला नावं ठेवतात!

पुण्याची नात :
पेटंट जखमेवरच्या हळदीचं होतं, मेंदूशी काय संबंध? त्या ४० जणांना अल्झायमर नव्हता. गोळीही शोषणासाठी खास बनवलेली, दिवसाला १८० मिलिग्रॅम. आजार झालेल्यांवर २०१२ ची चाचणी आहे. २४ आठवड्यांत काही फरक नाही. मिरीसकट जास्त डोसच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्याही नोंदी आहेत, ते का नाही लिहीत?

वसमतचा शेतकरी :
कर्क्युमिन नंतर मोजा, आधी डब्यात काय आहे ते बघा. आम्ही हळद शिजवतो, वाळवतो, ड्रममध्ये पॉलिश करतो. नैसर्गिक रंग मातकटच राहतो. गिऱ्हाइकाला पिवळीधमक पाहिजे. बांगलादेशात त्यासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळायचे. शिसं लेकरांच्या मेंदूवरच जातं!

सांगलीचा अडत्या :
बांगलादेशचं पाप आमच्या माथी मारू नका! तीस वर्षं सौद्यात उभा आहे. हळकुंड मोडून, आतला रंग बघून भाव करतो.

वसमतचा शेतकरी :
भाऊ, तुम्हाला कोण म्हणालं? पण मागच्या साली माझ्या मालाला ‘रंग नाही’ म्हणून भाव पाडला, तो एका अडत्यानंच. असा भाव पाडला की कुणीतरी रंग चोळणारच.

सांगलीचा अडत्या :
रंगाला भाव मिळतो, हे खरं आहे. नाकारत नाही. पण बांगलादेशाने धाडी घातल्या, दंड केले. २०१९ ला ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ ला शून्य. तसं इथे सरकारने करावं, आम्ही सोबत आहोत. सरसकट चोर म्हणू नका.

आयुर्वेदप्रेमी :
मूळ मुद्दा राहिला बाजूला. बरं, आमटीतल्या हळदीने अल्झायमर टळतो हे मला सिद्ध करता येणार नाही. एवढंच मान्य. दूध मी सोडणार नाही.

पुण्याची नात :
सोडा कोण म्हणालं? ‘होणार नाही’ असं लिहू नका, एवढंच. ज्यांच्या घरी झालाय, ते स्वतःला दोष देत बसतात. माझी आई अजून म्हणते, ‘मी सासूबाईंच्या दुधात हळद कमी घातली का गं?’

वसमतचे दादा, अख्खी हळकुंडं पाठवाल का? घरी दळून घेईन. आमच्याकडे सुटी पूड येते, फार पिवळी आहे.