मानसिक आजारांची निदानं बदलली, पण ती तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची कुणी?

कृष्णाकाठ (सांगली, समुपदेशक)
पलूसकडची एक बाई माझ्याकडे आली. नवरा 2021 च्या कोविडमध्ये गेला. दोन वर्षं उलटली तरी रोज त्याचं ताट वाढायची, त्याच्या मोबाईलचा रिचार्ज चालू ठेवलेला. कागदावर "डिप्रेशन" लिहिलेलं आणि गोळ्या तीनदा बदललेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, या न ओसरणाऱ्या दुःखाला वेगळं निदान आहे, आणि ती आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. यात नैराश्याच्या नुसत्या गोळ्यांनी फारसं भागत नाही, बोलण्याचे उपचार वेगळ्या पद्धतीने करावे लागतात. तिचे डॉक्टर मनाने चांगले होते, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझं ठाम मत आहे की गावात पहिल्यांदा पेशंट बघणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे बदल शिकवणं सक्तीचं हवं.

जत ओपीडी
ताई, कळकळ पोचली, पण सक्तीला माझा विरोध आहे. दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघतो. कुणाच्या हातापायाला मुंग्या, कुणाची छाती धडधडते, कुणाला झोप नाही. यातलं मनाचं दुखणं कुठलं, हे ओळखण्यातच माझी सगळी शक्ती जाते. आणि तुमच्या पुस्तकांचं तरी एकमत कुठाय? माणूस गेल्यावर किती काळाने हे निदान करायचं? आयसीडी म्हणतं सहा महिने. डीएसएम या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकाच्या 2022 च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी बारा. आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घर दुःखातच असतं. सहाव्या महिन्यात अशा बाईला आजारी म्हणू?

कृष्णाकाठ
डॉक्टर, नका म्हणू. आयसीडीतच लिहिलंय की त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीपेक्षा दुःख स्पष्टपणे जास्त असेल तरच हे निदान करायचं. वर्षश्राद्धाचा विचार त्यात आधीच केलाय. म्हणूनच म्हणते, नुसतं नाव ऐकून उपयोग नाही, शिकायला हवं.

मिरजेची आई
दोघांनाही एक सांगते. माझ्या मुलाच्या कागदावर 2019 साली "अस्पर्जर" लिहिलं. डीएसएममधून ते नाव 2013 मध्येच गेलं होतं आणि ते ऑटिझम (स्वमग्नता) स्पेक्ट्रममध्ये धरत होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी "ऑटिझम" लिहिलं आणि शाळेने विचारलं, याचा आजार वाढला का? त्या रात्री मी झोपले नाही. मूल तेच होतं, बदललं होतं फक्त नाव. डॉक्टरांना शिकवा, पण नाव बदलल्यावर आईबापाला समोर बसवून समजावायचं, हेही त्यात शिकवा.

निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ, मिरज
जतचे डॉक्टर, हा हौसेचा विषय नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम 3 आहे. मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, आणि त्यात आयसीडीची ताजी आवृत्ती येते. मात्र सक्तीचं सध्याचं रूप मलाही पटत नाही. नोंदणी टिकवायला पाच वर्षांत प्रशिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात, ते सभागृहात सही करूनही मिळतात. शिकणं होतं ते स्वतःच्या पेशंटवर बोलताना. बंगळुरूची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था निम्हान्स तालुक्यातल्या डॉक्टरांशी ऑनलाइन केस चर्चा करते, तसं आपल्या जिल्ह्यात मराठीतून हवं. दर वेळी एक पेशंट आणि त्याला लागू होणारा एकच बदल, एवढं पुरे.

जत ओपीडी
सर, असं असेल तर मी बसेन. सक्ती नकोच, या मतावर मात्र ठाम आहे. आणि खरी अडचण पुढेच आहे. नवं नाव मी लिहीन, पण अशा बाईशी दर आठवड्याला बोलायला जतमध्ये आहे कोण? सांगली ऐंशीएक किलोमीटर. एक दिवसाची मजुरी बुडवून ती दोनदा जाईल, तिसऱ्यांदा नाही.

कृष्णाकाठ
याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रंदिवस चालू असतो, तो कागदावर लिहून द्या. आणि अशी बाई आली तर मला कळवा. फोनवरून दर आठवड्याला मी बोलेन.