वाळवंटातून जमिनीखाली फायबर जातंय, तर एवढी पर्यावरण तपासणी कशासाठी? आणि कॉमेंट कशी लिहायची?

वाळूतली_वाट
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत दक्षिण नेवाडात राहते, थंडीत आम्ही बरेचदा बीएलएमच्या, म्हणजे फेडरल सरकारच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या, मोकळ्या जमिनीवर तंबू टाकतो. आता तिथूनच इंटरनेटची फायबर लाईन जाणार आहे, बीएलएमच्या साइटवर त्याचा ईए म्हणजे पर्यावरणाचा आढावा आलाय आणि कॉमेंटला मुदत दिलीय. वाचायला घेतला पण अर्ध्यावर अडकले. मला खरंच कळत नाहीये की केबल बोटाएवढी, एकदा पुरली की वर ना खांब ना टॉवर ना धूर, मग नुकसान होतं ते नेमकं कशाने? आणि सामान्य माणसाने काय लिहिलं तर ते लोक लक्ष देतात? लाईनला माझा विरोध नाहीये, फक्त काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

चरावरचा_पहारा
ताई, मी दोन सीझन अशाच एका लाईनवर मॉनिटर होतो, म्हणजे कामात प्राण्यांना इजा होत नाही ना हे बघणारा. केबलने काहीच होत नाही, जे होतं ते चर खणताना होतं. चर हातभर रुंद, पण त्याच्या बाजूने खोदाईचं मशीन, पाण्याचा टँकर, केबलचे रीळ घेतलेला ट्रक हे सगळं जातं, म्हणजे उकरला जातो तो अख्खा पट्टा, आणि तो मैलोनमैल.

मोहावी म्हणजे या आपल्या वाळवंटातलं कासव १९९० पासून फेडरल यादीत 'थ्रेटन्ड' म्हणजे धोक्यात आलेलं आहे, म्हणून फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या वन्यजीवांच्या फेडरल खात्याशी बोलल्याशिवाय बीएलएमला पुढे जाता येत नाही. हे कासव आयुष्याचा जवळजवळ ९५ टक्के वेळ बिळात काढतं, त्यामुळे सर्व्हेत कासव दिसलं नाही म्हणजे कासव नाही असं होत नाही, बिळं शोधावी लागतात.

एकदा एप्रिलमध्ये, अकराच्या सुमाराला, पिकअप निघणार तेवढ्यात मी वाकून खाली बघितलं तर पुढच्या चाकाला टेकून कासव सावलीत बसलेलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आम्ही अर्धा तास उन्हात उभे, मग ते आपलं आपण निघून गेलं. उचलून बाजूला का नाही ठेवलं असं विचाराल तर घाबरलं की ते मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि त्याच पाण्यावर त्याचा कोरडा काळ निघतो. म्हणून परवानगी असलेला बायॉलॉजिस्ट सोडून कोणी हात लावायचा नसतो.

आणि एक वाईट आठवण पण सांगतो. शुक्रवारी घाईघाईत चर उघडा टाकून सगळे घरी गेले, वर चढायला मातीचा उतार पण ठेवला नव्हता. सोमवारी तळाशी सरडे मरून पडलेले. मी मोजले, नऊ. कागदावर "रोज संध्याकाळी चर झाकणे" स्पष्ट लिहिलेलं होतं. अजून डोळ्यासमोर आहेत ते.

दगडफूल
कासवाचं सगळ्यांना माहीत असतं, मातीचं कोणी बोलत नाही. तिथे जमिनीवर काळपट खडबडीत खपली दिसते ना, ती जिवंत असते, सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी विणलेली. तीच माती धरून ठेवते. एक टायर गेला की तुटली, आणि भरून यायला कित्येक दशकं. १९४२ मध्ये जनरल पॅटनने मोहावीत सैन्याला ट्रेनिंग दिलं तेव्हाच्या रणगाड्यांचे माग काही ठिकाणी आजही दिसतात. शिवाय उकरलेल्या पट्ट्यात रेड ब्रोम, चीटग्रास अशी बाहेरची गवतं घुसतात, वाळतात, आणि एरवी झुडपा-झुडपात जी मोकळी जागा असायची तिथून आग पसरायला वाट मिळते. म्हणून मशीन साइटवर आणायच्या आधी धुऊन आणा ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

शेवटचं_गाव
माझी बाजू पण ऐका. आमच्या गावापासून मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. बाबांचे डॉक्टर व्हिडिओवर बघतात आणि मधेच चित्र गोठतं, परवा औषधाचा डोस तीनदा विचारावा लागला. आम्हाला ही लाईन हवीच आहे. नेवाडात बहुतेक जमीन फेडरल सरकारची, म्हणजे कुठूनही आणली तरी ही परवानगी लागणारच. २०२३ च्या कायद्याने ईए १ वर्षात आणि ७५ पानांत संपवायचा असं ठरवलंय, त्याचं मला बरं वाटलं. तपासणी करा पण लटकवून ठेवू नका.

नियमवाचक
दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि माझ्या मते दोन्हीचं उत्तर मार्गातच आहे. लाईन आधीच उकरलेल्या रस्त्याच्या कडेने नेली तर कासव, खपली, वेळ तिन्ही वाचतात. ताई, तुम्ही ईएमध्ये पर्यायांचा भाग आधी वाचा, रस्त्याच्या कडेचा पर्याय का सोडला ते लिहिलंय का बघा. मग खोदाईची पद्धत. प्लाउ वापरला तर पातं जमीन फाडत जातं आणि केबलचा पाइप मागोमाग आत, उघडा चर राहतच नाही, पण कॅलिचेचा, म्हणजे चुन्याने दगडासारख्या झालेल्या मातीचा, कडक थर लागला की प्लाउ चालत नाही, तिथे काय करणार ते विचारा. कोरडे ओढे आडव्या बोअरने खालून पार करणार असतील तर बोअर करताना वापरतात तो बेंटोनाइट मातीचा चिखल वर फुटला तर काय करणार तेही विचारा.

कॉमेंट म्हणजे मतदान नाही. शंभर जणांनी "नको" लिहिलं तरी त्याने फारसं हलत नाही, पण एकाने पान नंबर देऊन "इथे ही गोष्ट सुटलीय" लिहिलं तर ती तपासावी लागते. हा आढावा ज्याखाली होतो तो नेपा हा पर्यावरणाचा कायदा १९७० पासून आहे तो मुळात एवढ्यासाठीच, आधी बघा, मग ठरवा. जुन्या वस्तीच्या खुणा, दगडी हत्यारांचे कपचे दिसले तर तेही लिहा, त्याला ऐतिहासिक ठेवा जपण्याचा १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि आदिवासी जमातींशी बोलावं लागतं. उचलू मात्र नका.

वाळूतली_वाट
खूप खूप आभार सगळ्यांचे!! काल सकाळी नकाशा घेऊन आम्ही दोघं चालत गेलो. नकाशात लाईन जुन्या कच्च्या रस्त्याला सोडून जवळजवळ मैलभर सरळ झुडपांतून काढलीय, आणि तिथेच एका क्रिओसोटच्या झुडपाच्या बुडाशी बीळ आहे, तोंड अर्धचंद्रासारखं, खालून सपाट, बाहेर ताजी माती. दहा पावलांवरून फोटो काढला आणि परत फिरलो. इथे टाकू का लोकेशनसकट?

चरावरचा_पहारा
अर्धचंद्र म्हणजे कासवाचंच असणार. पण लोकेशन इथे अजिबात टाकू नका, कासवं उचलून नेणारे लोक असतात. कॉमेंटमध्ये पण नको, त्या सगळ्यांना वाचता येतात. कॉमेंटमध्ये फक्त "या पानावरच्या नकाशात लाईन रस्ता सोडते, ती रस्त्यावरूनच का नाही" एवढं लिहा, आणि सोमवारी बीएलएमच्या फील्ड ऑफिसला फोन करून तिथल्या वाइल्डलाइफ बायॉलॉजिस्टला मागून घ्या, फोटो आणि जागा थेट त्यांनाच द्या.