मॉन्टेनेग्रोला नोव्हेंबरात जावं का? पाऊस किती असतो?

भटकभवानी:
मंडळी, दिवाळीनंतर मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावरच्या कोटोर-बुडवाचा विचार चाललाय. हॉटेलं अर्ध्या किमतीत दिसतायत. जिथे बघावं तिथे मेडिटरेनियन, ऊन, निळं पाणी असंच लिहिलंय, मग एवढं स्वस्त का बुवा? आईबाबा सोबत आहेत म्हणून विचारतेय.

दर्यावर्दी७:
स्वस्त आहे कारण तो तिथला आषाढ आहे 😄 आपल्या बरोबर उलटं, जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत आणि ऑक्टोबर ते मार्च पाऊस, त्यात नोव्हेंबर म्हणजे कळस. जहाजावर होतो तेव्हा कोटोर बंदर बऱ्याचदा लागायचं, दक्षिणेकडून दमट वारा सुटतो, यूगो म्हणतात त्याला, तो सुरू झाला की समुद्र खवळतो, आभाळ पार खाली येतं आणि डोंगर तर थेट पाण्यातूनच उठलेत, मग ढग वर चढतात, गार होतात आणि तिथेच कोसळतात. वर ओर्येन डोंगरात त्स्र्कव्हित्से नावाचं गाव आहे, वर्षाची सरासरी साधारण 4600 मिमी, वस्ती असलेल्या ठिकाणांत युरोपात सगळ्यात जास्त धरतात. 1937 साली 8000 च्या वर गेला होता.

सावंतवाडीकर:
8000?? आमची आंबोलीच की ही. मग उन्हाळ्यात पाण्याची बोंब पण असेल तशीच?

दर्यावर्दी७:
असतेच. चुनखडीचा डोंगर, पडलेलं पाणी भेगांतून सरळ खाली, म्हणून वरचे लोक टाक्यांत पावसाचं पाणी साठवत आलेत. खाली रिसानजवळ सोपोट झरा आहे, मोठा पाऊस झाला की कड्यातल्या गुहेतून धबधबाच फुटतो.

गारठा_प्रेमी:
यूगोचं सांगितलं, बुराचं राहिलं. तो उत्तरेकडून डोंगर उतरून येतो, थंड नि कोरडा, आभाळ लख्ख पण झोत असे येतात की छत्री गेलीच समजा. लोव्हचेन डोंगरावरच्या न्येगुशी गावात म्हणे याच हवेवर डुकराची तंगडी वाळवतात, प्रशुट. मला विचाराल तर मे किंवा सप्टेंबर. भर उन्हाळा नको, राजधानी पॉडगोरिकात पारा 40 च्या वर जातो आणि वणवेही लागतात. बर्फ हवा असेल तर जानेवारीत झाब्ल्याक, डोंगरातलं गाव, 1450 मीटरवर आहे, किनाऱ्याशी काही संबंधच नाही त्या हवेचा.

भटकभवानी:
सप्टेंबरला सुट्टी नाही हो 😭 नोव्हेंबरातच गेलो तर?

दर्यावर्दी७:
जा की, गर्दी नसते. एकदोन दिवस जास्तीचे ठेवा, रेनकोट घ्या, छत्री नको. फक्त कोटोरच्या किल्ल्याला 1350 च्या आसपास पायऱ्या आहेत, ओला दगड भयंकर निसरडा होतो, आईबाबांना वर नेऊ नका.